ठसका बंद करणारी औषधं

कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहा. कंठमणी टुणकन वर जाऊन खाली येतो. तेवढ्या क्षणात श्वास थांबलेला असतो, श्वासनलिकेवरचं झाकण मिटलेलं असतं आणि घास मागच्या अन्ननलिकेत सरकलेला असतो. चुकून थेंबभर पाणी पुढच्या नळीत उतरलंच, तर ठसका लागून ते बाहेर फेकलं जातं.

झोपेच्या गोळ्या, अफूच्या जातीची वेदनाशामकं आणि मनोविकारांवरची काही औषधं हाच ठसका मंद करतात. यातल्या शेवटच्या गटाची गोष्ट मोठी रंजक. ही औषधं डोपामाइन या मेंदूतल्या संदेशवाहकाला अडवतात. डोपामाइनचं काम अडलं की घशातल्या मज्जातंतूंतून ‘सबस्टन्स पी’ नावाचं रसायन कमी सुटतं आणि गिळण्या-खोकण्याची क्रिया सुस्तावते. रक्तदाबावरच्या एसीई इनहिबिटर गोळ्यांचं उलट आहे. त्या हेच रसायन साठू देतात, म्हणून काहींना त्यांनी कोरडा खोकला लागतो.

ठसका मंदावला की झोपेत तोंडातली लाळ, तिच्यातल्या जंतूंसकट, फुप्फुसात झिरपते आणि न्यूमोनिया होऊ शकतो. घरच्यांना मात्र वाटतं, आजोबांना हल्ली जेवताना ठसका लागत नाही, बरं झालं! अशा वेळी गोळ्या मनाने बंद करू नयेत. डोस कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं.

काही औषधं तर स्वतःच आत शिरतात. बद्धकोष्ठावरचं लिक्विड पॅराफिन इतकं गुळगुळीत असतं, की घशाला पत्ताच लागत नाही. ते फुप्फुसात उतरलं की तिथल्या पेशी ते तेल गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि न्यूमोनिया होतो. नाकात तेलकट थेंब घातल्यानेही असा न्यूमोनिया होतो, हे १९२५ सालीच नोंदवलं गेलं होतं.

लोहाची गोळी त्याहून वाईट. श्वासनलिकेत अडकली तर ती विरघळताना आतलं अस्तर भाजून काढते, आणि विरघळून गेल्यामुळे एक्स-रेत दिसेलच असं नाही. मग दुर्बीण घालून पाहिल्यावर तपकिरी डागाळलेलं अस्तर सापडतं. ‘गोळी घेताना ठसका लागला होता का?’ असं रुग्णाला विचारलं, तर कित्येकदा त्याला काहीच आठवत नाही.