कारखान्याबाहेर घडलेला आवाज: फेरफार केलेल्या अ‍ॅम्प-पेडलांची पार्श्वभूमी

गिटार वाजवून पोट भरणाऱ्या वादकाचे सामान उघडून पाहिले, तर दुकानातून आणली तशीच राहिलेली वस्तू त्यात क्वचितच सापडते. अ‍ॅम्पच्या (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या) मागच्या पत्र्यावर एखादे जादा बटण बसवलेले असते, पेडलमधला (पायाने दाबून आवाज बदलायच्या डबीतला) एखादा डायोड बदललेला असतो, स्पीकर तर मूळचा नसतोच. बाहेरच्याला ही हौस वाटते. पण रोज वेगळ्या सभागृहात, वेगळ्या विजेवर आणि वेगळ्या ड्रमवादकासोबत तोच आवाज काढायची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्याला कारखान्याचे सरासरी माप पुरत नाही. आज ज्या गोष्टी अ‍ॅम्पच्या दर्शनी पट्टीवर छापून येतात, त्यांतल्या बहुतेक अशाच कुणाच्या तरी अडचणीतून आणि कुणा कारागिराच्या टेबलावर जन्मल्या आहेत.

१९३०च्या दशकात विजेवरची गिटार बाजारात आली, तेव्हा तिचा अ‍ॅम्प म्हणजे जवळपास रेडिओच होता. कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे लिओ फेंडर यांनी सुरुवात केली ती रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापासून, आणि त्यांच्या पहिल्या अ‍ॅम्पमधली सर्किटे त्या काळच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटावीत अशी होती. सगळे सुटे भाग हाताने जोडलेले असत. त्यामुळे एखादा कपॅसिटर काढून दुसरा लावणे हे पाच मिनिटांचे काम होते आणि दुरुस्ती कुठे संपते व फेरफार कुठे सुरू होतो, हे सांगणे तेव्हाही कठीणच होते. ध्येय मात्र स्पष्ट होते: आवाज मोठा हवा आणि तो फाटता कामा नये.

नेमके त्या फाटण्यावरच पुढचे सगळे उभे राहिले. १९५१ मध्ये मेम्फिस येथे आइक टर्नर यांच्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणाला निघालेले विली किझार्ट यांचा अ‍ॅम्प प्रवासात दुखावला. ध्वनिमुद्रक सॅम फिलिप्स यांनी स्पीकरच्या फाटक्या कोनात (आवाज काढणाऱ्या कागदी शंकूत) कागद कोंबला आणि त्यातून निघणारा घोगरा आवाज तसाच ध्वनिमुद्रित केला. १९५८ मध्ये लिंक रे यांनी स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली, १९६४ मध्ये द किंक्सचे डेव्ह डेव्हिस यांनी छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कोन पात्याने चिरला. पहिल्या घटनेत अपघात होता, पुढच्या दोन्हींत हेतू. एका पिढीने सहन केलेला बिघाड दुसरीने मुद्दाम घडवून आणला, हे या प्रथेतले खरे वळण आहे असे मला वाटते.

बिघाड पेटीत बंद करून विकण्याची कल्पना नॅशव्हिलमध्ये आली. १९६० च्या एका ध्वनिमुद्रणात मिक्सिंग टेबलावरची एक वाहिनी नादुरुस्त झाली आणि ग्रेडी मार्टिन यांचा सहातारी बास भुंग्यासारखा वाजू लागला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो परिणाम ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये उतरवला आणि त्यातून १९६२ मध्ये मेस्ट्रो फझ-टोन हे पेडल तयार झाले. त्यात जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर होते आणि ते ३ व्होल्टवर चाले. त्याची जाहिरात गिटारमधून तुतारीसारख्या वाद्यांचे आवाज काढण्यासाठी म्हणून झाली. १९६५ मध्ये द रोलिंग स्टोन्सचे कीथ रिचर्ड्स यांनी ते वापरलेले गाणे गाजले, तेव्हा कुठे त्याचा खरा उपयोग सर्वांना कळला. त्याच वर्षी लंडनमध्ये गॅरी हर्स्ट यांनी तेच सर्किट अधिक व्होल्टवर आणि अधिक लांब टिकणाऱ्या सुरासाठी बदलून टोन बेंडर हे पेडल आणले. म्हणजे विकत मिळणाऱ्या पहिल्या फझ (आवाज भुंग्यासारखा फाडणाऱ्या) पेडलमध्येही तीनच वर्षांत फेरफार झाला होता.

जर्मेनियमचा एक त्रास वादकांना फार लवकर समजला. हा ट्रान्झिस्टर उष्णतेने बदलतो. दुपारच्या तालमीत गोड वाजणारे पेडल रात्री दिव्यांच्या झोतात चिरकू किंवा दबू लागते. त्यातही एकाच खोक्यातले दोन नग सारखे निघत नसत. जिमी हेंड्रिक्स यांच्यासाठी काम करणारे रॉजर मेयर यांचे महत्त्व इथे आहे. ब्रिटिश नौदलाच्या संशोधन विभागात ध्वनी आणि कंपनांवर काम केलेला हा माणूस ट्रान्झिस्टर मोजून निवडत असे, त्यांची जुळणी ठरवत असे आणि वादकाच्या हातानुसार सर्किट बदलत असे. १९६७ च्या सुरुवातीला ऐकू आलेले, वरच्या सप्तकातला सूर मिसळणारे ऑक्टेव्हिया हे पेडल त्यांचेच. वादक आणि तंत्रज्ञ यांची जी जोडी आज आपण गृहीत धरतो, तिचा एक नमुना तेव्हा घडला.

अ‍ॅम्पच्या बाजूने मोठा फेरफार लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या ड्रमच्या दुकानात झाला. अमेरिकी अ‍ॅम्प महाग पडतात म्हणून १९६२ मध्ये केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांच्या मदतीने फेंडर बासमनचे सर्किट जवळपास तसेच उतरवण्यात आले. मात्र पहिल्या टप्प्यावर सौम्य १२एवाय७ ट्यूबऐवजी (ट्यूब म्हणजे सिग्नल मोठा करणारी काचेची नळी) अधिक गेन, म्हणजे अधिक वाढ, देणारी ईसीसी८३ बसली, ट्रान्सफॉर्मर ब्रिटिश आले, आणि १० इंची चार स्पीकरांच्या उघड्या पाठीच्या पेटीऐवजी १२ इंची चार स्पीकरांची बंद पेटी आली. कागदावर किरकोळ वाटणाऱ्या या बदलांनी वेगळाच आवाज दिला.

पण तो आवाज मिळवायला अ‍ॅम्प कान बधिर होईपर्यंत चढवावा लागे, आणि छोट्या जागी वाजवणाऱ्याला ते शक्य नव्हते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी फेंडर प्रिन्स्टनच्या छोट्या पेटीत कितीतरी मोठे सर्किट आणि १२ इंची स्पीकर बसवला. कार्लोस सँटाना यांच्या उद्गारावरून त्याला बूगी हे नाव पडले. पुढे त्यांनी सुरुवातीच्या टप्प्यात एक जादा ट्यूब टप्पा घातला आणि त्याच्यानंतर मास्टर व्हॉल्यूम दिला. आता पहिल्या ट्यूबवर हवा तेवढा भार टाकून आवाज फाडता येई आणि एकूण पातळी खालीच ठेवता येई. ही सोय हवी म्हणून जगभरच्या दुरुस्ती टेबलांवर मार्शलच्या पट्टीला भोक पाडून मास्टर व्हॉल्यूम बसवण्यात आला. १९७५ मध्ये मार्शलने तोच कारखान्यातून द्यायला सुरुवात केली. जुन्या अ‍ॅम्पला पाडलेल्या त्या भोकांबद्दल आज संग्राहक हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही, कारण ते अ‍ॅम्प त्या भोकामुळेच वीस-वीस वर्षे कामावर राहिले.

हे काम जिवावर बेतणारे असते, हेही सांगायला हवे. मोठ्या ट्यूब अ‍ॅम्पमध्ये ४०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर तो धरून ठेवू शकतात. जाणता तंत्रज्ञ आधी रेझिस्टर लावून तो भार उतरवतो, मीटरवर शून्य पाहतो आणि मगच सोल्डरिंग आयर्न हातात घेतो. पॉवर ट्यूब बदलल्यावर बायस (ट्यूबमधून सतत किती प्रवाह वाहावा याचे माप) पुन्हा लावावे लागते. ते न पाहता दौऱ्यावर निघालेल्या वादकाच्या ट्यूबमधल्या प्लेट तापून लाल होतात आणि फ्यूज उडतो तो नेमका कार्यक्रमाच्या मध्यावर.

पेडलमधला फेरफार त्या मानाने निर्धोक, म्हणूनच तो घरोघरी पोहोचला. जपानमध्ये बनलेल्या आयबानेझ ट्यूब स्क्रीमरचे उदाहरण घेऊ. १९७९ च्या सुमाराचे टीएस८०८ आणि १९८२ चे टीएस९ यांच्या सर्किटमध्ये मुख्य फरक बाहेर पडण्याच्या वाटेवरील दोन रेझिस्टरांचा: आधी १०० ओहम आणि १० किलोओहम, नंतर ४७० ओहम आणि १०० किलोओहम. एवढ्यावर एक अख्खा व्यवसाय उभा राहिला, पण कानाला हा फरक जेमतेम जाणवतो. स्पष्ट ऐकू येतो तो दुसरा बदल. या पेडलचा ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरसोबत साधारण ७२० हर्ट्‌झखालच्या सुरांचा गेन उतरता ठेवतो. तो काढून ०.१ मायक्रोफॅरडचा लावला की ही सीमा ३४० हर्ट्‌झच्या आसपास उतरते आणि आवाज भरदार होतो. खोलीत एकट्याने वाजवताना हा बदल सुखावतो. मंचावर मात्र बास गिटार आणि ड्रम त्याच पट्ट्यात उभे असतात आणि गिटार त्यांत बुडून जाते. असा बदल करून घेऊन महिनाभरात मूळ कपॅसिटर परत लावायला आलेले वादक प्रत्येक तंत्रज्ञाने पाहिले आहेत.

पेडलांची संख्या वाढली तसा लांब केबलींमध्ये वरचा सूर झिजण्याचा प्रश्न आला. लंडनचे पीट कॉर्निश यांनी १९७०च्या दशकात मोठ्या वादकांसाठी पेडल एका फळीवर बसवून, मध्ये बफर (सिग्नल लांब केबलमध्ये टिकवून धरणारे छोटे सर्किट) घालून तो सोडवला. पेडल बंद असताना सिग्नल सर्किटला पूर्ण टाळून न्यावा हा आग्रह नंतरचा. केबल लांब असेल तर निदान एक बफर हवाच, हे त्या आग्रहात बऱ्याचदा विसरले जाते.

१९९८ च्या लाइन ६ पॉड या यंत्रापासून अ‍ॅम्पच्या आवाजाच्या डिजिटल नकला आल्या आणि पुढे वादकाच्या स्वतःच्या अ‍ॅम्पचाच आवाज मोजून साठवणारी यंत्रेही आली, त्यामुळे आज अनेक जण फेरफार केलेला अ‍ॅम्प घरी ठेवून त्याची नक्कल प्रवासाला नेतात. मार्च २०२२ मध्ये रशियातील सारातोव्हच्या कारखान्यातून ट्यूबची निर्यात थांबल्याची बातमी आली, तेव्हा जोडीच्या ट्यूब शोधताना झालेली धावपळ पाहता ही सवय समजण्यासारखी आहे. तरी घरी ठेवलेल्या त्या पेटीची निगा कुणीतरी राखावीच लागते, आणि तिथे एक जुनी पद्धत उपयोगी पडते. फेंडरच्या जुन्या अ‍ॅम्पच्या पेटीत आतल्या बाजूला ट्यूबच्या जागा दाखवणारा कागद चिकटवलेला असे आणि त्यावर दोन अक्षरांचा शिक्का असे. पहिले अक्षर वर्षाचे, १९५१ पासून मोजलेले, आणि दुसरे महिन्याचे. चांगले तंत्रज्ञ आजही त्याच कागदाशेजारी आपली चिठ्ठी लावतात: कोणता रेझिस्टर काढला, त्याजागी काय बसवले, बायस किती ठेवले आणि तारीख. मूळ भाग एका छोट्या पाकिटात घालून पेटीतच चिकटवलेले असतात.