लष्करी जिप्सी, जोंगा घ्यायची आहे? पात्रता, कागदपत्रं आणि गाडीतल्या बदलांचे नियम

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत लष्करातून बाहेर पडलेल्या जिपांना आजही गिऱ्हाईक आहे. त्यात हौस आहेच, पण गरजही आहे. घर वाडीत, कलमांची बाग वर कातळावर, मधली वाट जांभ्याची आणि पावसात निसरडी. अशा ठिकाणी हापूसच्या पेट्या खाली आणायला चारही चाकांना ओढ असलेली, हलकी आणि गावच्या मेकॅनिकला कळणारी गाडी लागते. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली. जोंगा १९६९ पासून जबलपूरच्या वाहन कारखान्यात लष्करासाठी बनायची; तिचं सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन चढावर कधी दम सोडत नाही. या दोन्ही गाड्या आता शोरूममध्ये मिळत नाहीत, म्हणून लोक लष्कराच्या लिलावाकडे वळतात. गाडी बहुतेक वेळा दणकट निघते. लंगडे निघतात ते कागद, आणि पैसे तिथेच अडकतात.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. लष्कराच्या गाडीवर बाणाच्या खुणेचा जो नंबर असतो, तो आरटीओने दिलेला नसतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६० प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्यांची नोंद केंद्र सरकारने नेमलेला अधिकारी ठेवतो. गाडी सरकारच्या मालकीतून बाहेर पडली की त्या नोंदीचं काम संपतं आणि कलम ३९ व ४० लागू होतात. म्हणजे गाडी जुनी असली तरी नागरी नोंदणी पहिल्यांदाच होणार असते. याला मालकी हस्तांतर म्हणत नाहीत. ‘नावावर करून देतो’ असं म्हणणाऱ्या दलालाला हा फरक विचारा. त्याला तो सांगता आला नाही तर तिथूनच मागे फिरा.

कोणाला मिळते, कुठून मिळते

माजी सैनिक आणि सेवेत असताना मृत्यू पावलेल्या जवानांच्या पत्नी यांच्यासाठी पुनर्वसन महासंचालनालयाची योजना आहे. लष्कराला जास्तीच्या झालेल्या, ‘पाच-ब’ वर्गातल्या गाड्या त्यांना वाटपाने दिल्या जातात. महाड, खेड, चिपळूण भागात माजी सैनिकांची घरं कमी नाहीत, तरी ही योजना फार थोड्यांना ठाऊक असते. चौकशी अलिबाग, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा. जाताना सेवामुक्तीचं पुस्तक आणि माजी सैनिक ओळखपत्र घेऊन जा. वीरपत्नींनी पतीच्या सेवेचे आणि मृत्यूचे कागद सोबत ठेवावेत. माझ्या मते पात्र माणसाने आधी हीच वाट धरावी, कारण यात कागद पहिल्या दिवसापासून त्याच्याच नावाने तयार होतात.

बाकीच्यांसाठी मार्ग लिलावाचा. सरकारी माल एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन विकला जातो. खरेदीदार म्हणून नोंद करायची, अनामत रक्कम भरायची, बोली लावायची. माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर मिळतो, म्हणून तपासणीच्या दिवशी स्वतः डेपोत जा आणि जाणकार मेकॅनिक सोबत न्या. फोटोवर बोली लावू नका.

लिलावाच्या अटी वाचताना एक ओळ सगळ्यात आधी शोधा: गाडी वापरासाठी विकली जात आहे की भंगार म्हणून? १६ जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू ठेवता येत नाही. त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात मोडीत काढायच्या आहेत. संरक्षणाच्या प्रत्यक्ष कामावरची चिलखती आणि विशेष वाहनं यातून वगळली आहेत. ज्या लिलावात आयुष्य संपलेली वाहनं फक्त स्क्रॅपिंग केंद्रांसाठी ठेवलेली असतात, त्यातली गाडी कुठल्याही वाटेने तुमच्यापर्यंत आली तरी तिची नोंदणी होणार नाही. तुटलेल्या जिपांचे सांगाडे जोडून उभ्या केलेल्या गाड्याही बाजारात फिरत असतात. दिल्लीच्या मायापुरीसारख्या भंगार बाजारातून सुटे भाग घ्यायला हरकत नाही, चेसी, म्हणजे गाडीची खालची लोखंडी चौकट, मात्र घेऊ नका.

नोंदणीची कागदपत्रं

अर्ज फॉर्म २० मध्ये करायचा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ४७ मध्ये लष्करातून आलेल्या गाडीसाठी वेगळी तरतूद आहे: संबंधित अधिकाऱ्याने फॉर्म २१ मध्ये दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र हवं. मूळ म्हणजे मूळच. झेरॉक्स, नोटरी केलेली प्रत किंवा दुकानदाराचं बिल त्याची जागा घेऊ शकत नाही. त्यावरचा चेसी नंबर, इंजिन नंबर, बनावटीचं वर्ष आणि खरेदीदाराचं नाव डेपोच्या दारातच ताडून पाहा. एक आकडा चुकला असेल तर दुरुस्ती तिथेच करून घ्या. रत्नागिरीत बसून ती होत नाही.

नावाचा मुद्दा जरा सविस्तर सांगतो. कित्येकदा एका लॉटमधल्या पाच-दहा गाड्या व्यापारी घेतो आणि नंतर सुट्या विकतो. मग फॉर्म २१ त्याच्या नावाने असतो आणि तुमच्या हातात फक्त त्याची पावती येते. आरटीओला सरकारपासून तुमच्यापर्यंत न तुटलेली साखळी हवी असते. सरळ मार्ग असा की व्यापाऱ्याने आधी गाडी स्वतःच्या नावावर नोंदवावी आणि मग फॉर्म २९ व ३० भरून तुम्हाला हस्तांतरित करावी. तो ‘नंतर बघू’ म्हणत असेल तर पैसे देऊ नका.

फॉर्म २१ सोबत लिलावाचं वाटपपत्र, पैसे भरल्याची पावती, डेपोतून माल सोडल्याचा कागद आणि गेटपास जपून ठेवा. शिवाय पत्त्याचा पुरावा, पॅन, चेसी नंबरवर नोंदवलेला विमा आणि चेसी नंबरची पेन्सिल प्रिंट लागते. विमा निदान तृतीय पक्षाचा तरी हवाच. इतक्या जुन्या गाडीला स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण द्यायला बऱ्याच कंपन्या तयार नसतात. हलक्या खासगी गाडीचं नोंदणी शुल्क ६०० रुपये आहे. मोठी रक्कम वाहनकराची असते आणि ती ठरवते आरटीओ. लिलावातल्या स्वस्त किमतीवरच कर लागेल असं गृहीत धरून हिशोब मांडू नका. बोली लावण्याआधीच कार्यालयात विचारून घ्या.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही नोंदणी कार्यालयात अर्ज करता येतो. तरीही आपल्या जिल्ह्यातच करावा असं मी म्हणेन: पेण एमएच-०६, पनवेल एमएच-४६, रत्नागिरी एमएच-०८, सिंधुदुर्ग एमएच-०७. गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते, आणि त्याने शंका काढली तर दुसऱ्यांदा नेणं जवळ असलेलं बरं.

गाडी डेपोतून घरी आणताना चालवत आणू नका. पुण्याकडून ताम्हिणी उतरून स्वतःच्या चाकांवर येण्याचा मोह होतो, पण नोंदणीशिवाय गाडी चालवणं हा गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. ट्रकवर चढवून आणा. ‘बागेतच फिरवायची, पासिंग कशाला’ हेही सर्रास ऐकू येतं. कलम ३९ मध्ये सार्वजनिक जागेबरोबर ‘अन्य कोणतीही जागा’ असे शब्द आहेत. स्वतःच्या बागेचा बांध त्यातून सुटत नाही.

खारी हवा आणि चेसी नंबर

ही अडचण घाटावरच्या माणसाला लवकर कळणार नाही. चेसी नंबर लोखंडी चौकटीवर ठोकलेला असतो, बहुतेक जिपांत पुढच्या चाकाजवळ, म्हणजे चिखल आणि मिठाचं पाणी उडतं नेमकं तिथे. समुद्रापासून दोन-चार किलोमीटरवर राहणाऱ्या गाडीचा तो भाग काही पावसाळ्यांत पापुद्रे धरून सुटतो. नंबर वाचता आला नाही तर नोंदणी, नूतनीकरण, हस्तांतर, विम्याचा दावा सगळंच थांबतं आणि चोरीच्या गाडीचा संशय येतो तो वेगळाच.

गाडी हातात आली की आधी तो भाग मऊ ब्रशने आणि रॉकेलने साफ करा, स्वच्छ फोटो काढा, दोन-तीन पेन्सिल प्रिंट घेऊन कागदांसोबत ठेवा आणि मग त्यावर ग्रीसचा थर द्या. ग्राइंडर तिथे फिरवू देऊ नका. अंडरकोटिंग करणाऱ्या पोराला तो भाग आधी दाखवून झाकायला लावा. नंबर पुसट झालाच असेल तर गॅरेजमध्ये परस्पर ठोकून घेऊ नका, तसं करणं थेट फौजदारी प्रकरणात नेतं. आरटीओकडे अर्ज करून त्यांच्या परवानगीनेच तो पुन्हा ठोकायचा.

आधीच नागरी नोंदणी झालेली गाडी घेत असाल तर

कोकणात येणाऱ्या बऱ्याच लष्करी जिपा पंजाब, हरियाणा, दिल्लीकडे नोंदवलेल्या असतात. त्यांना मूळ आरटीओची एनओसी फॉर्म २८ मध्ये लागते, मग इथे फॉर्म २७ भरून नवा नंबर घ्यायचा. परराज्यातल्या गाडीच्या हस्तांतराला ४५ दिवसांची मुदत आहे, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांची. व्यवहाराआधी सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणीच्या संकेतस्थळावर गाडीची नोंद दिसते का ते पाहा आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर गाडी चोरीची नाही ना हे तपासा. आरसीवरचा इंधनाचा रकाना वाचा. कित्येक जोंगांत मागच्या मालकाने डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर पेट्रोलच असतं. अशी गाडी कितीही गोड चालली तरी घेऊ नका.

बदल काय करता येतात

कलम ५२ चा गाभा असा की उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. बेकायदा बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक’ हा शब्द लक्षात घ्या. चार बदल म्हणजे वीस हजार.

पहिलं काम रंगाचं. नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच आहे, त्यामुळे तपासणीला नेण्याआधी रंग बदला. बाणाचा नंबर, युनिटची चिन्हं, ताऱ्यांच्या पट्ट्या काढा. अनेकांचा जीव त्या रंगात असतो हे मला समजतं. पण तो रंग पाहून नाक्यावरचा शिपाई गाडी सोडतो, आणि नेमकं म्हणूनच तो दुसऱ्या कुणाच्या गाडीवर असता कामा नये.

ताडपत्रीचा हूड काढून पत्र्याचं छत बसवणं, मागच्या बाकांची संख्या बदलणं, चौकट कापून लांब करणं हे सगळे आरसीचे तपशील आहेत. आधी लेखी परवानगी, मग काम. इंजिन निकामी झालं तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन मंजुरीने बसवता येतं; त्याचं पक्कं बिल लागतं, आणि नवा इंजिन नंबर आरसीवर आणि विम्यावर चढवायचा असतो. सीएनजीचं किट मान्यताप्राप्त असेल तर चालतं. पुढे सर्चलाइट किंवा स्पॉटलाइट बसवायला नियम १११ ची मनाई आहे, त्यामुळे टपावरचा एलईडीचा पट्टा उतरवा. बंपरपुढे बसवलेल्या लोखंडी बुलबारविरुद्ध कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या आहेत. मोठे टायर दिसायला रुबाबदार असतात, पण ते स्पीडोमीटर खोटा पाडतात, जुन्या ब्रेकवर ताण आणतात आणि घाटाच्या उतारावर तो ताण जीवावर बेततो. उत्पादकाने सांगितलेल्या मापाचे खोल नक्षीचे टायर कोकणातल्या चिखलाला पुरतात. पैसा घालायचाच तर ब्रेक, स्टीअरिंगचे सांधे आणि चौकटीच्या गंजावर घाला. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली विलीस ही जुनी अमेरिकी जीप किंवा सुरुवातीची जोंगा असेल आणि ती मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते, म्हणून बागायतदाराच्या उपयोगाची नाही. डाव्या बाजूच्या स्टीअरिंगची गाडी असेल तर कलम १२० प्रमाणे इशारा देणारं चालू उपकरण लागतं.

वापर आणि नूतनीकरण

खासगी नोंदणीच्या जिपेतून भाडं घेऊन पर्यटक फिरवता येत नाहीत. त्यासाठी परिवहन संवर्गात नोंदणी आणि परवाना हवा. किनाऱ्यावर गाडी घालू नका. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. वाळूखालची घरटी चाकांखाली चिरडतात आणि चाकोरीत अडकलेली पिल्लं पाण्यापर्यंत पोचत नाहीत. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

आरसीवरची मुदत संपण्याआधी ६० दिवसांत फॉर्म २५ भरून नूतनीकरणाचा अर्ज करायचा. हलक्या खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर ५,००० रुपये आणि २०२५ च्या बदलानंतर वीस वर्षांवरील गाडीला १०,००० रुपये शुल्क आहे. पर्यावरण कर, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट यांची सोय त्याआधी करून ठेवा. मुदत पावसाळ्यात संपत असेल तर गंजाचं आणि वेल्डिंगचं काम एप्रिल-मे महिन्यांत उरकून घ्या, कारण ओल्या हवेत लावलेला रंग धरत नाही आणि निरीक्षक चौकट खालून तपासतो.