न उच्चारला जाणारा 'बी'

शेक्सपिअरच्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट' या नाटकात होलोफर्निस नावाचा एक पंतोजी आहे. कर्ज या अर्थाचा 'डेट' आणि शंका या अर्थाचा 'डाउट' हे शब्द लोक बी गाळून बोलतात, याचा त्याला विलक्षण संताप. डी, ई, बी, टी असं स्पेलिंग आहे ना, मग बी ऐकू आलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह. नाटक १५९८मध्ये छापलं गेलं. आज कुणी 'डेब्ट' म्हटलं तर त्याला चुकला म्हणून थांबवतात. त्या काळच्या पंतोजीला मात्र तेच शुद्ध वाटत होतं.

हा बी आला कुठून? 'डेट' इंग्रजीत आला फ्रेंचमधून आणि येताना त्यात बी नव्हता, बोलण्यातही नाही आणि लिहिण्यातही नाही. पुढे लॅटिनचा अभिमान असलेल्या विद्वानांनी त्याचं मूळ 'डेबिटुम' या लॅटिन शब्दात असल्याची खूण म्हणून स्पेलिंगमध्ये बी बसवला. 'डाउट' आणि 'सटल' यांतला बी असाच आला, 'रिसीट'मधला पीसुद्धा. 'आयलंड'मधला एस तर निव्वळ गैरसमजातून आला. हा शब्द इंग्रजीच्या घरचाच. पण फ्रेंचमधून आलेल्या 'आइल'शी त्याचं नातं आहे असं समजून त्याला एस चिकटवला गेला.

म्हणून 'रिसीप्ट' म्हणणाऱ्याला कुणी हसलं की मला वाईट वाटतं. त्या माणसाने शब्द ऐकण्याआधी वाचलेला असतो, आणि वाचलेल्या अक्षरावर विश्वास ठेवलेला असतो. देवनागरीत वाढलेल्या माणसाला तर ही सवय लहानपणापासूनची. आपल्याकडेही 'चार' आणि 'चाक' यांतला च वेगळा उच्चारतात, पण लिहिलेलं अक्षर अजिबात उच्चारायचंच नाही, हा प्रकार आपल्याला परका आहे.

असा विश्वास दर वेळी हरतोच असंही नाही. 'फॉल्ट' हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात एल नव्हता. तोही विद्वानांनी लॅटिनकडे बोट दाखवून घातला, आणि लोक बराच काळ तो न उच्चारताच बोलत राहिले. सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशात नोंदवलंय की हा एल कधी उच्चारतात, कधी नाही आणि बोलताना बहुधा गाळतात. आज तो सर्रास उच्चारला जातो. 'डेट'मधला बी आणि 'फॉल्ट'मधला एल, दोघेही मागाहून घुसवलेले. एकाला जिभेने घेतलं, दुसऱ्याला नाही. यामागे कुठलाही नियम नाही. त्यामुळे इंग्रजी शिकणाऱ्याला हे तर्काने ओळखता येणं शक्यच नाही.

सगळीच मुकी अक्षरं अशी घुसवलेली नाहीत. 'नाइट' म्हणजे सरदार, या शब्दातला के आणि मधला जीएच एके काळी खरोखर ऐकू येत असे. 'वेन्झ्डे'मधला मुका डी वोडन या देवाच्या नावातला आहे. असे उच्चार झिजले, अक्षरं तशीच राहिली.

त्यातच दीर्घ स्वर सरकले. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर एकामागून एक आपली जागा सोडत गेले. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने याला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' असं नाव दिलं. 'नेम' हा शब्द त्याआधी जवळपास 'नाम' असा उच्चारला जाई, म्हणजे आपल्या नामाच्या कितीतरी जवळ. 'टाइम' होता 'टीम'सारखा आणि 'हाउस' होता 'हूस'. विल्यम कॅक्स्टनने १४७६मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तो नेमका या उलथापालथीच्या मधोमध. छापखान्यांमुळे स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. उच्चार पुढे निघून गेले. मांस या अर्थाचा 'मीट' आणि 'ग्रेट' यांत तेच ईए असून आवाज वेगळा का, याचं उत्तर इथे आहे. बहुतेक शब्दांत हा स्वर ईकडे सरकला, 'ग्रेट', 'ब्रेक', 'स्टेक' मागे राहिले.

अमेरिकी उच्चार म्हणजे बिघडलेले ब्रिटिश उच्चार, हा समजही इतिहासात टिकत नाही. वनस्पती या अर्थाचा 'हर्ब' फ्रेंचमधून आला तेव्हा त्यातला एच मुका होता. अमेरिकेने तो 'अर्ब' जपला. ब्रिटनमध्ये एच उच्चारायला लागले ते स्पेलिंग बघून, एकोणिसाव्या शतकात. 'कार'मधला शेवटचा र दक्षिण इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या सुमारास गळत गेला. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तो टिकला. 'शेड्यूल' की 'स्केड्यूल' हा वाद घालणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की जुना उच्चार 'सेड्यूल'च्या जवळचा होता.

शुद्ध उच्चाराची सक्ती तशी अलीकडची. जॉन वॉकरचा उच्चारकोश १७९१चा, डॅनियल जोन्सचा १९१७चा. बीबीसीने १९२६मध्ये निवेदकांसाठी उच्चारांची सल्लागार समितीच नेमली. कवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष, त्यांच्यानंतर बर्नार्ड शॉ.

शब्दावरचा आघात हा आणखी एक अडथळा. इंग्रजीच्या मूळच्या शब्दांत जोर बहुधा पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चारातल्या पहिल्या तुकड्यावर असे. फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेल्या शब्दांनी आपापली रीत सोबत आणली. म्हणून 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, 'फटॉग्रफर'मध्ये 'टॉ'वर, 'फोटोग्रॅफिक'मध्ये 'ग्रॅ'वर. जोर हलला की शेजारचे स्वरही पुसट होतात. मराठीत जोर इकडचा तिकडे झाल्याने शब्द ओळखू येईनासा होत नाही, त्यामुळे आपल्या कानाला ही गोष्ट सहसा खटकतही नाही.

मात्र जे शब्द मराठीत कानावाटे आले, ते बघा. 'कर्नल'च्या स्पेलिंगमध्ये एल आहे आणि उच्चारात र. एक रूप इटालियन वळणाचं, दुसरं फ्रेंच. 'लेफ्टनंट'मध्ये तर एफ कुठेच नाही, तो ब्रिटिश उच्चार. हे दोन्ही शब्द मराठी माणूस न अडखळता बोलतो, कारण त्याने ते आधी ऐकले.

आणि 'ऑफन'? त्यातला टी 'लिसन' आणि 'सॉफन'मधल्या टीसारखाच गळून गेला होता. वाचणाऱ्यांनी तो परत आणला. आज कोशांत 'ऑफन' आणि 'ऑफ्टन' दोन्ही सापडतात.