कॅनमधलं पालाश कसं मोजतात?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) असो की कांदेबाग (पावसाळा सरतानाची), खत आता बहुतेक ठिबकमधूनच जातं. केळी निसवायच्या (केळफूल बाहेर पडायच्या) सुमाराला आणि घड भरताना पालाशाची, म्हणजे पोटॅशियमची भूक मोठी असते. म्हणून द्रवखताचा कॅन हातात घेतला की नजर आधी पालाशाच्या आकड्यावर जाते. पण तो आकडा खरा आहे का?

काही जण त्यासाठी ईसी मीटर बुडवून बघतात. त्यावर भिस्त ठेवू नये. विरघळलेल्या क्षारांमुळे द्रावणातून वीज किती सहज वाहते, एवढंच ते मीटर सांगतं. साध्या मिठानेही आकडा चढतो. उलट युरिया पाण्यात विरघळतो, पण त्याचे विद्युतभारित कण होत नाहीत. त्यामुळे युरियाचं भरपूर नत्र (नायट्रोजन) असलं तरी मीटर जवळजवळ हलत नाही. द्रावणात क्षार किती हे कळलं, तरी कोणते हे कळायला रसायनशास्त्रच लागतं.

पालाशाची ओळख ज्योतीत पटते. द्रावणाचा बारीक फवारा ज्योतीत सोडला की पोटॅशियम 766 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतं, मिठातलं सोडियम 589 वर. फ्लेम फोटोमीटरमधली गाळणी हवा तोच प्रकाश पुढे सोडते, त्यामुळे तिथे मिठाचं पालाश म्हणून खपणं अवघड होतं. स्फुरदासाठी (फॉस्फरससाठी) मॉलिब्डेट आणि व्हॅनेडेट ही रसायनं मिसळतात. पिवळा रंग जितका गडद तितकं स्फुरद जास्त. मात्र काही द्रवखतांत ते पॉलिफॉस्फेटच्या, म्हणजे फॉस्फेटच्या साखळीच्या रूपात असतं आणि तसंच्या तसं रंग देत नाही. आधी आम्लात तापवून त्याची साखळी तोडावी लागते. ही पायरी चुकली, तर चांगलं खतही कमी भरतं.

नत्राचं काम सगळ्यात किचकट, कारण ते अमोनियम, नायट्रेट आणि युरिया अशा तीन रूपांत येतं. योहान केल्डाल यांनी 1883 मध्ये कोपनहेगनमध्ये मांडलेली पद्धत आजही प्रमाण मानली जाते, पण आम्लात उकळणं, ऊर्ध्वपातन (वाफेवाटे वेगळं काढणं), अनुमापन (थेंबाथेंबाने रसायन घालून मोजणं) यात तास जातात. लिओनार्ड स्केग्स यांनी 1957 मध्ये रक्ततपासणीसाठी जे यंत्र मांडलं, त्याने वेगळी वाट दाखवली. बारीक नळीतून नमुने एकामागून एक वाहतात, मध्ये हवेचे बुडबुडे सोडतात, म्हणून एक नमुना दुसऱ्यात फारसा मिसळत नाही. वाटेतच अभिकर्मक (रंग आणणारी रसायनं) मिळतात, नळीच्या वेटोळ्यात रंग धरतो आणि पुढे प्रकाशमापक तो वाचतो. मला ही युक्ती फार सुंदर वाटते. त्याच तत्त्वावर आता खतांचे नमुनेही रांगेने तपासता येतात, नत्राच्या प्रत्येक रूपासाठी वेगळ्या नळीमार्गाने.

यंत्राला स्वतःहून मात्र काहीच माहीत नसतं. ठाऊक असलेल्या प्रमाणाची द्रावणं आधी वाचून ते आपली रेषा आखतं. ज्योतीवरचं मोजमाप हळूहळू सरकतं, म्हणून अधूनमधून तीच द्रावणं पुन्हा देऊन पडताळा घ्यावा लागतो. द्रवखत इतकं तीव्र असतं की मोजण्याआधी ते शेकडो पट पातळ करतात; तिथे मापात थोडीशी चूक झाली, तरी ती थेट उत्तरात उतरते.

त्याहून मोठी चूक प्रयोगशाळेच्या बाहेर होते. पौष-माघाच्या थंडीत तीव्र द्रावणातले क्षार, विशेषतः पालाशाचे, कॅनच्या तळाशी खड्यांसारखे बसू शकतात. वरचंच द्रावण बाटलीत भरून दिलं, तर अहवालात पालाश कमी येणारच. खडे उबेने पूर्ण विरघळवून, कॅन नीट हलवूनच नमुना काढावा.

अहवाल आल्यावर टक्केवारी वजनावर आहे की आकारमानावर, हेही विचारावं. घनता 1.3 असलेल्या (म्हणजे एक लिटर 1.3 किलो भरणाऱ्या) खतात वजनाने 10 टक्के पालाश असेल, तर एका लिटरमध्ये ते 130 ग्रॅम भरतं. आकारमानाने 10 टक्के म्हटलं, तर 100 ग्रॅमच. दोन कॅनच्या किमती ताडून बघताना हा 30 ग्रॅमचा फरक हिशेबात धरावा लागतो.