वस्तीलगतच्या सामुदायिक सुविधा, खानदेश : जागा आणि बांधणीचे नियम

निवासी वस्तीत किंवा तिच्या कडेला सर्वांच्या वापरासाठी अंगणवाडी, शाळा, दवाखाना, समाजमंदिर, मंगल कार्यालय, अभ्यासिका, व्यायामशाळा अशी बांधकामे होतात. ती कोणत्या जमिनीवर व्हावीत, किती मोठी असावीत, त्यांना रस्ता केवढा लागतो आणि शेजाऱ्यांना त्यांचा किती त्रास चालतो, हे ठरवणारे नियम म्हणजे हा विषय. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत त्यांचा आधार दुहेरी आहे. एक, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. दुसरा, डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. नगररचना कार्यालयात आणि आर्किटेक्टांच्या बोलण्यात ती ‘यूडीसीपीआर’. त्याआधी गावोगावच्या नियमावल्या वेगवेगळ्या होत्या, त्यामुळे जुन्या इमारतीचा मंजूर नकाशा आजच्या नियमांना लावून पाहू नये.

आखून वसवलेले गाव खानदेशाला नवे नाही. १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जुन्या धुळ्याच्या शेजारी नवी पेठ आखली आणि व्यापाऱ्यांना घरांसाठी जागा दिल्या. धुळ्यात गल्ल्या अजून क्रमांकाने ओळखल्या जातात. आजच्या कॉलन्यांमध्ये मात्र रस्ते सरळ असतात आणि सुविधेची जागा सापडत नाही. बहुतेक वेळा जागा असते. ती कोणत्या प्रकारची आहे हेच कोणाला ठाऊक नसते.

तीन प्रकारच्या जागा

बोलताना सगळ्यांनाच ‘ओपन प्लॉट’ म्हणतात, आणि निम्मी भांडणे तिथून सुरू होतात.

पहिली, विकास आराखड्यातले आरक्षण : शाळा, बगीचा, भाजी बाजार, दवाखाना. ही जमीन खासगी मालकाचीच असते. पालिकेला ती करार करून, मोबदला म्हणून टीडीआर (दुसऱ्या जागी वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा चटईक्षेत्र (जादा बांधकामाची मुभा) देऊन अथवा भूसंपादन करून घ्यावी लागते. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ती घेतली नाही तर मालक १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे ‘जमीन विकत घ्या’ अशी नोटीस, देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि तिथे शेजारच्या जमिनीसारखीच घरे उभी राहू शकतात. आरक्षित भूखंडावर वर्षानुवर्षे क्रिकेट चालते आणि एके दिवशी तारेचे कुंपण पडते, त्यामागे बहुधा ही सूचना असते. समावेशक आरक्षणाची वाटही आहे : मालक जागेच्या ठरलेल्या हिश्श्यावर सुविधा बांधून पालिकेला विनामूल्य देतो आणि उरलेली जमीन स्वतः विकसित करतो.

दुसरी, रेखांकनातली (जमिनीचे भूखंड पाडणाऱ्या मंजूर नकाशातली) खुली जागा. जमीन ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठी असली की १० टक्के क्षेत्र खुले सोडावे लागते. ही जागा सर्व भूखंडधारकांच्या सामाईक वापराची. ती विकता येत नाही आणि रेखांकन करणाऱ्याला पुढे तिचे तुकडेही पाडता येत नाहीत. एक एकर म्हणजे ४० गुंठे, सुमारे ४,०४७ चौ.मी.; मर्यादेच्या जरा वर. म्हणून ३९ गुंठ्यांचे, म्हणजे ३,९४६ चौ.मी.चे रेखांकन समोर आले की तपासणाऱ्याने आधी फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) पाहावेत आणि मूळ गटाची फोड कधी झाली ते शोधावे; खुली जागा टाळायलाच ती झालेली असू शकते.

तिसरी, सुविधा भूखंड. बऱ्याच मोठ्या रेखांकनांत खुल्या जागेखेरीज हा वेगळा काढतात, आणि त्यावर शाळा, दवाखाना, बाजार अशी पूर्ण इमारत होऊ शकते.

खुल्या जागेवर अशी पूर्ण इमारत चालत नाही. तिथे खेळ, व्यायाम, वाचनालय, बालवाडी अशा वापरासाठीच बांधकाम करता येते, तेही एकूण १५ टक्क्यांपर्यंत : १० टक्के तळमजल्यावर, उरलेले ५ पहिल्या मजल्यावर. हिशेब करून पाहावा. एक हेक्टरच्या रेखांकनात खुली जागा १,००० चौ.मी.; तळमजल्याला मिळाले १०० चौ.मी., म्हणजे १० बाय १० मीटरची एक खोली. निधी मंजूर करून आणणारे ३०० चौ.मी.चा सभामंडप मागतात. त्यासाठी खुली जागा ३,००० चौ.मी. आणि रेखांकन तीन हेक्टरांचे हवे. प्रस्ताव नगररचनाकाराच्या टेबलावर अडतो तो या गुणाकाराने. त्यात दर वेळी राजकारण असतेच असे नाही.

मंदिराचा मुद्दा वेगळा. रस्ते, उद्याने व इतर सार्वजनिक जागांवर नवे अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. ओट्यापासून सुरुवात, मग पत्र्याचे छप्पर, मग कळस, हा क्रम कॉलनीत नेहमीचा. ओटा असतानाच हरकत घेतली तर वाद सहज मिटतो.

रस्ता

निवासी क्षेत्राचे आर-१ आणि आर-२ असे दोन भाग पडतात, ते मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून. अरुंद रस्त्यावर घरे आणि घरगुती स्वरूपाचे वापर. रुंद रस्त्यावर दुकाने, सभागृहे, गर्दीचे वापर. रुंदी मंजूर रेखांकनातली धरतात आणि जागेवर तपासतात. नकाशात ९ मीटर आणि जागेवर दोन्ही बाजूंच्या पायऱ्या, ओटे, गटार वजा जाता साडेपाच मीटर, हे दृश्य जुन्या कॉलन्यांत सर्रास दिसते. अग्निशमन गाडी त्या साडेपाच मीटरांतूनच जाणार असते.

पार्किंगमध्ये मोटारसायकली विसरल्या जातात. चारचाकीला २.५ × ५ मीटर, दुचाकीला १ × २ मीटर धरतात. आपल्याकडच्या लग्नाला शेजारच्या गावांतून माणसे दुचाकीवर येतात. २०० गाड्यांना ४०० चौ.मी. नुसते उभे राहायला, येण्याजाण्याची वाट वेगळी. ती जागा आत नसली की शेजाऱ्यांची फाटके अडतात.

आवाज

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय व न्यायालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, आणि ते दिवस सण-उत्सवांचे असतात, हळदीच्या डीजेचे नव्हेत. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. मग लग्ने संध्याकाळच्या लॉन्सवर सरकतात आणि आवाज नेमका रात्रीच्या मर्यादेवर येऊन आदळतो. लॉन्सला भिंती नसतात. मंचाची पाठ वस्तीकडे न ठेवता मंचाचे तोंडच वस्तीकडे केले तर कर्ण्यांचा सगळा मारा घरांवर होतो. आखणीतच मंच फिरवला तर पुढच्या बऱ्याच तक्रारी टळतात.

इमारत

सभागृहाची क्षमता खुर्च्या मोजून ठरत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ दाटीच्या बैठकीला माणशी ०.६५ चौ.मी. आणि पंगतीसारख्या सुट्या वापराला १.४ चौ.मी. धरते. ३०० चौ.मी.च्या सभागृहात सभेला सुमारे ४६० माणसे, जेवायला २१४. बाहेर पडण्याची व्यवस्था मोठ्या आकड्यावर बेतायची. दारे बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत. सरकते शटर हे बाहेर पडण्याचे दार नव्हे. मागचे दार असते, पण तिथे आचाऱ्याच्या शेगड्या आणि सिलिंडर मांडलेले असतात. आगीच्या दृष्टीने सर्वांत वाईट जागा तीच. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा द्यायचे असते.

चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचा (रॅम्पचा) हिशेबही नकाशा काढतानाच करावा. १:१२ चा उतार म्हणजे ६० सेंमी जोत्याला ७.२ मीटर लांबी, शिवाय दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर सपाट जागा. एकूण दहा मीटरांच्या वर. दोन-अडीच मीटरांत उरकलेला उतार १:४ चा होतो. त्यावरून चाकाची खुर्ची स्वतःच्या हाताने चढत नाही. तो मोटारसायकल चढवायलाच बरा.

तापी खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिचा सर्वाधिक मार अंगणवाडीसारख्या एकमजली, हलक्या इमारतीला बसतो, कारण जमिनीचा फुगवटा दाबून धरायला तिचे वजन पुरत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. गिलावा भरला की पुढच्या मेमध्ये ती पुन्हा उघडते. उपाय पायातच आहे. मुरूम जवळ असेल तर तिथपर्यंत खोदायचे. काळी माती खोल असेल तर साधारण साडेतीन मीटर खोलीचे, तळाशी दांड्याच्या अडीचपट व्यासाचा फुगा असलेले अंडर-रीम पाइल (जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) घ्यायचे आणि जोत्याच्या तुळईखाली पोकळी सोडायची. ती पोकळी मजूर मातीने भरून टाकतात आणि फुगलेली माती तुळई उचलते. जोत्याभोवती फरसबंदी हवी. हात धुण्याचे पाणी भिंतीलगत मुरता कामा नये.

उन्हासाठी इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, पश्चिमेला व्हरांडा किंवा जिना-कोठी घ्यावी. पत्र्याखाली भरणारी अभ्यासिका ऐन परीक्षांच्या दिवसांत दुपारी ओस पडते.

नदीकाठी दोन रेषा पाहायच्या : निळी, साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी, १०० वर्षांतल्या पुराची. नदी ते निळी रेषा हा पट्टा बांधकामाला बंद. निळी आणि तांबडीच्या मधे बांधायचे तर जोते तांबड्या रेषेच्या पातळीहून ४५ सेंमी वर. नदीकाठची मोकळी जमीन सुविधेला स्वस्तात मिळते, ती याच कारणाने. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावात तितूर आणि डोंगरी एका रात्रीत गावात शिरल्या होत्या.

अंतर आणि लोकसंख्या

केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगर व प्रदेश विकास आराखडा मार्गदर्शिकेत ५,००० लोकसंख्येला एक प्राथमिक शाळा आणि तिला ०.४ हेक्टर जागा धरली आहे. त्यात किमान १८ × ३६ मीटरचे मैदान. शिक्षण हक्काच्या राज्य नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत. आरोग्य उपकेंद्र सपाटीवर ५,००० लोकसंख्येला, आदिवासी व डोंगरी भागात ३,००० ला. प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० आणि २०,००० ला.

अक्कलकुवा-धडगाव भागात हे आकडे जमिनीवर तसेच्या तसे बसत नाहीत. पाडे सातपुड्याच्या सोंडांवर विखुरलेले. नकाशावरचा एक किलोमीटर म्हणजे एक दरी उतरून दुसरी सोंड चढणे, आणि पावसाळ्यात मधला नाला अडवतो. तिथे अंतर मिनिटांत आणि नाले मोजून धरावे, गावाच्या मध्याऐवजी पाड्यांच्या वाटा जिथे मिळतात ती जागा निवडावी. नर्मदाकाठच्या गावांना सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे तीही सोय उरली नाही; तिथे दवाखाना बोटीवर फिरतो.