क्रिप्टोकॉकस : निसर्गातील आढळ

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स हे यीस्टसारखे संधिसाधू कवक. एचआयव्ही संसर्ग, अवयव-प्रत्यारोपण किंवा दीर्घकाळचे स्टेरॉइड यांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्यांत ते फुप्फुसांवाटे शिरून मस्तिष्कावरणाचा (मेंदूभोवतीच्या आवरणाचा) दाह, म्हणजे मेनिंजायटिस, घडवते.

या कवकाचे मूळ घर कोणते, हा जुना वाद आहे. संशोधक सान्फेलीचे यांनी १८९४ च्या सुमारास इटलीत ते पीचच्या रसातून मिळवले. संशोधक एमन्स यांना ते १९५१ मध्ये मातीत आणि १९५५ मध्ये कबुतरांच्या विष्ठेत सापडले. त्यामुळे विष्ठा हेच घर, असे एक मत झाले : विष्ठेतले क्रिएटिनिन (नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य) त्याला पचते. कबुतर मात्र सहसा आजारी पडत नाही, कारण त्याच्या ४१–४२° से. अंगउष्णतेत हे कवक नीट वाढत नाही. दुसरे मत वृक्षांचे. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये एलिस व फायफर यांनी या कवकाचा गट्टी हा प्रकार (आता स्वतंत्र जाती) निलगिरीवरून वेगळा केला. पुढे भारतातही जांभूळ, चिंच यांच्या ढोल्यांत निओफॉर्मन्स व गट्टी दोन्ही आढळले. कवकाकडे लाकडातल्या फिनॉलांवर चालणारे लॅकेज विकर (एन्झाइम) आहे, हे पाहता ढोलीतले कुजके लाकूड हे मूळ घर आणि विष्ठा हे नंतरचे कोठार, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पुण्यात शोध घ्यायचा तर पेठांतल्या वाड्यांचे माळे, सोसायट्यांचे डक्ट आणि रस्त्याकडेच्या जुन्या चिंचा-जांभळी पाहाव्यात. विष्ठा कोरडी, जुनी, सावलीतली घ्यावी. ताज्या विष्ठेत जीवाणू वरचढ ठरतात. ढोलीत सलाइनने ओला केलेला बोळा फिरवतात. हे नमुने वाढवायला संशोधक स्टाइब यांचे माध्यम (कवक वाढवण्याचे पोषकद्रव्य) वापरतात; त्यात चटणीचेच कारळे लागतात : लिटरला सुमारे ५० ग्रॅम दळून, उकळून गाळतात, ग्लुकोज १ ग्रॅम, शिवाय घट्ट करणारे आगर आणि जीवाणू रोखणारे क्लोरॅम्फेनिकॉल. २५–३०° से. तापमानाला आठवडाभरात या कवकाच्या वसाहती तपकिरी होतात, हीच त्याची खूण. ग्लुकोज वाढले किंवा तापमान ३७° ठेवले, तर रंग फिका पडतो आणि कवक हातचे निसटते. पुढे दोन जाती ओळखायला कॅनाव्हॅनिन-ग्लायसिन-ब्रोमोथायमॉल ब्ल्यू या दुसऱ्या माध्यमावर वाढवतात : त्यावर गट्टी निळा रंग देते, निओफॉर्मन्स देत नाही.

वाळलेल्या विष्ठेतल्या पेशी आकसून इतक्या बारीक होतात की थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. म्हणून डक्ट साफ करणाऱ्याला नुसता खराटा देऊ नये. विष्ठा आधी पाण्याने भिजवावी, एन-९५ मास्क व हातमोजे द्यावेत, मग खरवडून पिशवीत बंद करावी. प्रतिकारशक्ती खालावलेल्या व्यक्तीने हे काम करू नये.