‘क्रीप’ : बीबीसीनं नाकारलेलं, परक्या रेडिओनं उचललेलं गाणं

‘क्रीप’ हे रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचं गाणं. रेडिओहेड हे नाव घेण्याआधी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनची ही पाच पोरं ‘ऑन अ फ्रायडे’ म्हणून वाजवत असत. १९९१ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, तेव्हा नाव बदललं. ‘क्रीप’ मात्र त्याआधीचं. गायक थॉम यॉर्कनं ते एक्सेटर विद्यापीठात शिकताना लिहिलं होतं.

१९९२ मध्ये शॉन स्लेड आणि पॉल कोल्डेरी हे अमेरिकन निर्माते भलतीच गाणी ध्वनिमुद्रित करायला आले होते आणि ती काही जमत नव्हती. सरावात बँडनं ‘क्रीप’ वाजवलं. यॉर्क त्याला ‘आमचं स्कॉट वॉकरचं गाणं’ म्हणाला, तर निर्मात्यांना ते खरंच वॉकर या गायकाचं वाटलं. यांचं सगळ्यात चांगलं गाणं नेमकं उसनं निघालं म्हणून ते हळहळले! गैरसमज फिटल्यावर ते एका दमात मुद्रित झालं. बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवूडला गाण्याचा मवाळपणा खटकत होता. धृपदाच्या तोंडाशी त्यानं गिटारच्या तारांवर खर्रकन दणके हाणले. गाणं बिघडवण्यासाठीच म्हणा ना. पण ऐकणारा जागा होतो तो तिथेच.

सप्टेंबर १९९२ मध्ये ते सिंगल म्हणून, म्हणजे एकट्या गाण्याची रेकॉर्ड म्हणून, बाजारात आलं. बीबीसी रेडिओ १ ला ते फारच उदास वाटलं, त्यामुळे प्रसारण जवळपास नाहीच. जेमतेम सहा हजार प्रती खपल्या आणि खपाच्या ब्रिटिश यादीत ते ७८ व्या क्रमांकावर अडकलं.

ते उचललं इस्रायलनं. लष्करी रेडिओवरचा निवेदक योआव कुटनर ते पुन्हा पुन्हा लावत राहिला आणि तिकडे ते हिट झालं. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या लाइव्ह १०५ केंद्रानं ते वाजवायला घेतलं. त्यातली शिवी अमेरिकी रेडिओवर चालण्यासारखी नव्हती, म्हणून तेवढा शब्द बदललेली आवृत्ती काढली गेली. १९९३ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या मॉडर्न रॉक यादीत गाणं दुसऱ्या क्रमांकावर आणि मुख्य हॉट १०० मध्ये ३४ व्या क्रमांकावर गेलं. एका निवेदकाच्या आवडीला तेव्हा केवढं वजन होतं, हे यातून कळतं.

सप्टेंबर १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये ते पुन्हा काढलं आणि थेट सातव्या क्रमांकावर पोचलं. तोवर बँड मात्र त्याला विटला होता. मैफलीत काही लोक तेवढं ऐकून चक्क उठून जायचे. १९९४ मध्ये आलेल्या ‘माय आयर्न लंग’ या गाण्यामध्ये त्यांनी या यशालाच चिमटा काढला.